पहिल्या रांगेतले पठाणभाई

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांनी छोटंसं भाषण केलं. 'सून म्हणून नाही, लेक म्हणून नेतो आहोत' वगैरे, सगळे करतात तसंच. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी डोळे पुसले. जेवणाच्या वेळी आमचे शेजारी पठाणभाई ताट घेऊन माझ्याजवळ आले, इकडंतिकडं पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, वक्त्यानं बोलताना दोनदा घड्याळ बघितलं. लेकीवर आले तवा आवाज चढला, मानपानावर आले तवा आवंढा गिळला. टाळ्या तुमच्याकडून जास्त, त्यांच्याकडून तुरळक. बाकी आक्षेपार्ह काही नाय."

एवढं सांगून ते गुलाबजाम आणायला गेले. मी मात्र उरलेला समारंभभर व्याह्यांच्या गळ्याकडं बघत बसले. पुढं मानपानावरून काय झालं ते इथं सांगत नाही, मुलगी सुखात आहे.

पठाणभाई पोलिसात होते. पण काठी घेऊन चौकात उभे राहणाऱ्यांतले नव्हेत. शहरात कुठं सभा असली, मोर्चा असला, उपोषण असलं, की साध्या कपड्यांत जाऊन पहिल्या रांगेत बसायचं, कोण काय बोललं ते लिहून घ्यायचं आणि वर अहवाल पाठवायचा, ही त्यांची नोकरी. उर्दू चांगली, मराठी त्याहून चांगली, त्यामुळे मुशायरा असो की शेतकऱ्यांचा मेळावा, पाठवायचे ह्यांनाच. आमखास मैदानावर ज्यानं ज्यानं म्हणून घसा फोडला, त्याच्या समोर पठाणभाई बसलेले होते. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. सरकारनं त्यांना सोडलं, त्यांनी अहवाल सोडला नाही.

कॉलनीत सत्यनारायण असो, रमजानची इफ्तार असो की कुणाचा तेरावा, पठाणभाई वेळेआधी येतात आणि पहिल्या रांगेत डावीकडं बसतात. डावीकडंच का, तर तिथून स्टेजवरचंही ऐकू येतं आणि मागचे काय कुजबुजतात तेही. एकदा कॉलनीतल्या एका आजोबांच्या शोकसभेत मी दोन शब्द बोलले. घरी परतताना पठाणभाई म्हणाले, "भाषन चांगलं झालं ताई. पन मयताबद्दल तुम्ही 'स्पष्टवक्ते' म्हनल्या, तवा सुनेनं खाली बघितलं. ते नोंदवण्यासारखं व्हतं." मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. कानाला हेडफोन लावून अख्खी नोकरी दुसऱ्यांची बोलणी जोडण्यात गेली. कानावर काय काय पडलं ते माझं मला माहीत, पण मी कधी कुणाला जाऊन सांगितलं नाही की बाई, तुझा नवरा खोटं बोलतोय. ऐकून सोडून द्यायचं असतं, हे ह्या माणसाला कुणी शिकवलंच नाही.

सगळ्यात राग येतो तो त्यांच्या सल्ल्यांचा. मागच्या वर्षी कॉलनीतल्या एकाला कसल्याशा फॉरवर्डवरून ठाण्यात दिवसभर बसवून ठेवलं होतं. तेव्हापासून आमच्या ग्रुपवर दोनच गोष्टी येतात, सुप्रभात आणि दुःखद निधन. पठाणभाईंना ह्याचं वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "सुप्रभात बी जरा बघून टाकायला पायजे. कालच्या फोटोत मागं झेंडा व्हता."

आमची कॉलनी हर्सूलला, जेलच्या जरा अलीकडं. मी काही तावातावानं बोलायला लागले की ते हात वर करून त्या दिशेला दाखवतात आणि म्हणतात, "जपून बोला ताई. अंतर जास्त नाय."

तर ह्या उन्हाळ्यात काय झालं ते सांगते.

आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं. त्या दिवशी कुणी गावाला जात नाही, कुणी मरायचंही धाडस करत नाही. ह्या उन्हाळ्यात तो एक दिवसही चुकायला लागला. अर्ज झाले, फोन झाले. शेवटी कॉलनीतल्या बायकांनी ठरवलं की रिकामे हंडे घेऊन वॉर्ड ऑफिससमोर बसायचं, आणि आपल्या वतीनं काळेताई बोलतील. काळेताई म्हणजे मी. आमचे हे टीव्हीचा आवाज कमी न करता म्हणाले, "बोल बोल. घरातलं जरा कमी होईल."

शहरात जमावबंदी लागू होती. ती कधी नसते? परवानगी काढायचं काम अर्थातच पठाणभाईंनी अंगावर घेतलं. ती मिळाली, लाऊडस्पीकरशिवाय, आणि खाली अटी. भाषणात आक्षेपार्ह विधान करू नये, ही अट वाचताना पठाणभाईंचा चेहरा असा उजळला, जणू माहेरचं कुणी भेटलं. संध्याकाळी ते चष्मा पुसत माझ्याकडं आले.

"भाषन लिहिलं का? आना. नजर टाकतो."

मी चार पानं लिहिली होती. त्यांनी पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं.

"'झोपलेलं प्रशासन' काढा."

"का?"

"झोपल्याचा पुरावा हाय का?"

"दहा दिवस नळाला थेंब नाही, हा पुरावा नाही?"

"ते पानी नसल्याचा पुरावा झाला. झोपल्याचा नाय." मग पुढं सरकले. "'जनतेचा संयम सुटला आहे.' हे तर लईच. सुटला म्हनल्यावर पुढं काय करनार, असं इचारतेत. 'जनता संयम बाळगून हाय' असं लिहा."

"अहो, मग आम्ही तिथं बसतोय कशाला?"

"संयम बाळगायला." त्यांचा चेहरा गंभीर होता. "आता हे, 'खुर्च्या उबवणारे अधिकारी'. उबवनं काढा, अधिकारी काढा. खुर्च्या राहू द्या."

माझा पारा चढला. मी म्हणाले, "पठाणभाई, ह्या देशात लोकशाही आहे की नाही? घटनेनं बोलायचं स्वातंत्र्य दिलंय मला."

"दिलंय की. कोन नाय म्हनतंय? तुमाला बोलायचं दिलंय, आमाला लिहून घ्यायचं दिलंय. दोन्ही संगंच चाललंय इतकी वर्षं." आणि त्यांनी तिसरं पान अख्खंच आडव्या रेघेनं उडवलं.

रात्री मी उरलेलं भाषण वाचून पाहिलं. 'नमस्कार. आमच्या कॉलनीत पाणी येत नाही. जनता संयम बाळगून आहे. खुर्च्या. धन्यवाद.' एवढंच शिल्लक होतं. दोन शब्द मी माझ्या हिमतीवर परत घातले आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी वॉर्ड ऑफिससमोरच्या कडुलिंबाखाली आम्ही बायका हंडे घेऊन बसलो. पठाणभाई घरून घडीची खुर्ची घेऊन आले आणि पहिल्या रांगेत डावीकडं बसले. त्यांच्या जुन्या शाखेतला एक तरुण शिपाई साध्या कपड्यांत आला होता. त्यानं झाडाला टेकून मोबाइल वर धरला आणि दुसऱ्या हातानं शेंगदाणे खायला सुरुवात केली. पठाणभाई त्याच्याकडं, सुगरणीनं विकतच्या पुरणपोळीकडं बघावं तसं बघत होते. मग न राहवून उठले आणि त्याला म्हणाले, "बेटा, ऐकतोयस का?" तो म्हणाला, "रेकॉर्ड होतंय चाचा." पठाणभाई परत येऊन बसले, पण त्यांचं चित्त काही ठिकाणावर नव्हतं.

मी तो कागद वाचायला सुरुवात केली. 'आमच्या कॉलनीत पाणी येत नाही' पर्यंत आले, तोच ऑफिसचं दार उघडलं आणि पाणीपुरवठ्याचे साहेब बाहेर आले. आमच्याकडं बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि सरळ गाडीकडं निघाले. त्यानंतर मी काय बोलले ते मला खरंच नीट आठवत नाही. कागद हातात नव्हता एवढं आठवतं. हंड्यांचा आवाज आठवतो. साहेब गाडीत बसता बसता थांबले होते. नंतर घरी येऊन मी तासभर पंख्याखाली पडून होते, आणि खोटं कशाला सांगू, फार बरं वाटत होतं.

बरं वाटणं दोन दिवस टिकलं. त्या शिपायाच्या मोबाइलमधला तुकडा कसा कोण जाणे सगळीकडं फिरला. त्यात मी हात उगारून 'लाज वाटत नाही का तुम्हाला' एवढंच ओरडते आहे, मागं नाही पुढं नाही. तिसऱ्या दिवशी ठाण्यात हजर राहण्याची नोटीस आली. ह्यांचं बीपी वाढलं. मुलाचा पुण्याहून फोन आला, "आई, जे काय सही कर म्हणतील ते करून टाक. तुझं वय आहे का हे?" पठाणभाईंना मी सांगितलंही नव्हतं. ते सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात उभे होते.

इन्स्पेक्टर तरुण होता आणि खरं म्हणजे भला वाटला. त्यानं पठाणभाईंना खुर्ची दिली, मला पाणी दिलं. क्लिप दाखवली आणि म्हणाला, "ताई, वरून विचारणा आहे म्हणून बोलावलं. रागाच्या भरात एक वाक्य गेलं, असा जबाब लिहून घेतो आणि मिटवतो." चहासुद्धा सांगितला. मी मनातल्या मनात घरी पोहोचले होते.

"क्लिप अर्धी हाय साहेब," पठाणभाई म्हणाले.

मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी पाय बाजूला घेतला, डोळे मिटले आणि सुरू झाले.

"सदर वक्त्या, वय अंदाजे साठ..."

"एकोणसाठ," मी म्हणाले. कशाला म्हणाले कोण जाणे.

"एकोनसाठ. यांनी सुरुवातीला लेखी भाषन वाचलं. ते निर्दोष व्हतं. साहेब गाडीकडं निघाले असता वक्त्यांनी कागद फेकला. म्हनल्या, 'साहेब, पळताय कुठं? तुमच्या बंगल्यावरची लॉन हिरवीगार आहे, आणि आमच्या म्हाताऱ्या आठ आठ दिवस आंघोळीवाचून आहेत. लाज वाटत नाही का तुम्हाला?' हंडे वाजले, मोठ्या प्रमानात. 'शहराचं नाव बदललं, आमचा नळ कधी बदलणार?' परत हंडे. 'पुढच्या वेळी मतं मागायला कुणाला आमच्या गल्लीत पाठवाल, तर त्याला ह्याच रिकाम्या हंड्यांतून निघावं लागेल.' ह्याला सगळ्यात जास्त. मंग वक्त्यांचा घसा बसला. त्यांनी पानी मागितलं. पानी नव्हतं. हशा."

त्यांनी डोळे उघडले. "आक्षेपार्ह काही नाय," ते म्हणाले.

इन्स्पेक्टरच्या चेहऱ्यावरचा भलेपणा कुठच्या कुठं गेला होता. "हंड्यांतून निघावं लागेल? ही धमकी झाली."

पठाणभाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "धमकीसारखं हाय. धमकी नाय."

"आणि राजकीयही झालं. हे क्लिपमध्ये नव्हतं."

"नव्हतंच तर. तेच सांगतोय मी."

इन्स्पेक्टरनं हवालदाराला बोलावलं आणि पठाणभाईंनी सांगितलेलं सगळं टाइप करून घेतलं. पठाणभाईंनी एके ठिकाणी त्याचं शुद्धलेखनही सुधारलं. चहा आलाच नाही. त्याऐवजी माझ्यापुढं एक हमीपत्र आलं. यापुढे कोणत्याही सार्वजनिक ठिकाणी भाषण करणार नाही, केल्यास होणाऱ्या कारवाईस मी जबाबदार राहीन. "सही करा आणि घरी जा," इन्स्पेक्टर म्हणाला. "नाहीतर मला गुन्हा दाखल करावा लागेल. बाहेर बसून पाच मिनिटं विचार करा."

बाहेरच्या बाकावर बसल्याबरोबर माझा तोल गेला. मी म्हणाले, "पठाणभाई, तुम्ही माझे शेजारी आहात की सरकारी साक्षीदार? तो माणूस मिटवत होता. चहा सांगितला होता त्यानं. कोण म्हणालं होतं तुम्हाला सगळं सांगायला?"

"अर्धं कसं सांगू ताई? तुम्ही एवढं चांगलं बोलल्या." त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "त्या पोरानं त्यातलं एवढुसंच ठेवलं. बाकीचं कुनीच ऐकलं नाय असं झालं असतं."

मी पर्समधून पेन काढलं. मुलाचं ऐकायचं ठरवलं होतं मी. भाषणाशिवाय माझं काय अडलं होतं इतके दिवस? कागद मांडीवर घेतला. पठाणभाईंनी त्यावर हात ठेवला.

"सही नका करू."

"तुम्ही सांगताय मला? माझ्या भाषणातला प्रत्येक शब्द खोडणारे तुम्ही?"

"खोडले, कारन तुमाला हितं बोलावू नये म्हनून. बोलू नका असं कदी म्हनलो नाय मी." हात तसाच होता. मग समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाले, "आमची शमीम तुमाला माहीत हाय. तुमच्याशी गच्चीवर लई बोलायची."

बोलायची खरी. तीन वर्षं झाली तिला जाऊन. पापड वाळत घालताना शमीमभाभी बोलायला लागली की उन्हं कलली तरी कळायचं नाही. नकला करायची, स्वतःच्या नणंदेपासून माझ्या सासूपर्यंत सगळ्यांच्या.

"घरात बी पोरीसंग हसत असायची. जिन्यात माझ्या बुटाचा आवाज आला की बंद. मी इचारायचो, काय चाललं व्हतं? 'कुछ नहीं.' तिचा भाऊ वाळूजला कंपनीत, युनियनमधी. गेटवर भाषनं करायचा. तिला भ्या वाटायचं, तिच्या तोंडून काय निसटंल आन मी वर कळवीन. मी कदी कळवलं नसतं हो. खुदा की कसम, कदीच नाय. पन हे तिला सांगायचं कसं? मंग पोरगी बी तशीच झाली. आता नांदेडहून फोन करती. 'अब्बा, तबियत ठीक? हौ? ठेवते.' शमीमला शेवटी शेवटी लई दुखायचं. मला नाय सांगितलं. मी भायेर गेलो की डाक्टरला सांगायची. मला डाक्टरनं सांगितलं, नंतर."

कुणीतरी आतून फाईल घेऊन गेलं. पठाणभाईंनी ते जाईपर्यंत वाट पाहिली.

"म्हनून मी ड्युटी नसली तरी बी सभंला जायचो. तिथं मला बघून कुनी गप बसत नव्हतं. शिव्या घालायच्या असल्या तरी माझ्याकडं तोंड करून घालायचे. मला वाटायचं, चला, कुनीतरी आपल्यासंग बोलतंय. आता सभा बी ऱ्हायल्या नाय पहिल्यासारख्या. कॉलनीत ग्रुपवर सगळे गप. एक तुम्ही माझ्या तोंडावर भांडता. तुम्ही बी हे लिहून दिलं, तर..." हात मात्र कागदावरून काढला नाही.

माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. तो अजूनही आहे. ह्या माणसानं माझा सांगितलेला चहा घालवला आणि नसलेला गुन्हा उभा केला. पण मी उठले, आत गेले आणि हमीपत्र सहीविनाच इन्स्पेक्टरच्या टेबलावर ठेवलं. म्हणाले, "साहेब, ह्यावर सही होणार नाही. पाणी आलं नाही तर मी परत बोलणार." आवाज काही फार मोठा निघाला नाही. इन्स्पेक्टरनं पुढच्या बुधवारी परत हजर राहायला सांगितलं. गुन्हा होईल की नाही, ते मला आज हे लिहिताना माहीत नाही. मुलाला अजून सांगितलेलं नाही.

बाहेर येऊन आम्ही रिक्षा केली. पठाणभाई कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. मग मी आपलं सुरू केलं, जे तोंडात येईल ते. शमीमभाभी माझ्या सासूची नक्कल कशी करायची. गच्चीवर एकदा पापडांवर माकड आलं तेव्हा ती काय म्हणाली. नणंदेबद्दल काय म्हणायची, आणि खुद्द पठाणभाईंबद्दलही काय म्हणायची, त्यांच्या बुटांबद्दल, त्यांच्या घोरण्याबद्दल, त्यांनी पहिल्या पगारात आणलेल्या हिरव्या ओढणीबद्दल. एवढ्या वर्षांत तिनं मला सांगितलेलं सगळं मी त्यांना सांगत गेले. पठाणभाई रडत होते, रुमालसुद्धा काढत नव्हते. मध्येच मी थांबले की हातानं खूण करायचे, चालू द्या.